पाटीवरचं पारायण

"ऐसें बोलोनि नाथ उठिले। कमंडलू करीं घेतले। आज दुपारी चारनंतर पाणी येणार नाही, बी विंगने टाक्या भरून ठेवाव्यात।"

माझ्या सासूबाईंनी हे सगळं एका दमात, एकाच चालीत म्हटलं आणि त्या पुढच्या ओवीकडे वळल्या. समोर डोळे मिटून बसलेल्या आवटीकाकूंनी आधी मान डोलावली, मग खाडकन डोळे उघडले.

"इंदूताई, पोथीत पाणी कुठनं आलं मधेच?"

"आलं कुठे? येणार नाही म्हणतायत," आई म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पोथी ठेवायच्या लाकडी ठवणीवरच्या त्या फोनकडे बघितलं.

फोन माझ्या मोठ्या जाऊबाईंचा, उज्ज्वलावहिनींचा. सोसायटीच्या ग्रुपवरचा निरोप वरून टपकला होता आणि बरोबर ओवीच्या डोक्यावर जाऊन बसला होता. वहिनी धावल्या, निरोप पुसला. तेवढ्यात त्यांच्या माहेरचा फोन आला आणि ठवणी थरथरायला लागली. माझ्या पोटात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण घरात येऊन आठच महिने झालेल्या सुनेने त्या बाहेर दाखवायच्या नसतात. मी नुसती गंभीरपणे म्हणाले, "म्हणून मी म्हणत होते, ई-रीडर."

ही सगळी रंगीत तालीम होती. खरं पारायण दुसऱ्या दिवशी, सोमवारी सुरू व्हायचं होतं.

या पारायणाची गोष्ट सांगलीच्या त्या घरात पाऊल टाकल्यापासून मी ऐकत होते. माझा नवरा निरंजन सात वर्षांचा असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आईंनी कुलदैवताला शब्द दिला, की पोरगा उठून बसला तर दर मार्गशीर्षात सात दिवसांत पोथीचे एकवीस अध्याय वाचीन, पंचवीस वर्षं, एकदाही खंड पडू देणार नाही. पोरगा उठून बसला. नुसता बसला नाही, पुढे एकतीस वर्षांचा होईपर्यंत दर जेवणाला सहा पोळ्या खात राहिला. चोवीस पारायणं झाली होती. यंदाचं पंचविसावं, शेवटचं.

आणि नेमका यंदाच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनची तारीख पारायणानंतरची. छापील पोथीतली अक्षरं आईंना मोहरीच्या दाण्यांसारखी दिसायला लागली होती. दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेलं चालत नाही, कारण शब्द आईंनी दिला होता. मठाच्या ट्रस्टने पोथीचं, अक्षरं हवी तेवढी मोठी करता येणारं ई-पुस्तक काढलंय हे कळलं तेव्हा घराने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच दोन तट पडले.

वहिनी म्हणायच्या, "फोन घ्या आई, प्रत्येकाच्या हातात असतो, उजेड असतो, बिघडला तर दुसरा मिळतो." मी म्हणायचे, "ई-रीडर घ्या आई, कागदासारखा दिसतो, डोळ्यांवर उजेड मारत नाही, कुणाचा निरोप नाही, कुणाचा कॉल नाही, आणि एकदा चार्ज केला की महिनाभर बघायला नको." माझा ई-रीडर मी माहेरहून दागिन्यांच्याही वरताण जपून आणला होता. नोकरी अजून लागायची होती, सांगलीत ओळखीचं कुणी नव्हतं, दुपार जाता जात नव्हती. माझी सगळी भिस्त त्याच्यावर. फोनवर पुस्तक वाचणाऱ्या माणसांबद्दल माझं मत तेव्हा फार वाईट होतं. उभ्याने जेवणाऱ्यांबद्दल असतं ना, तसं.

तालमीनंतर माझी सरशी झाली. आईंनी ई-रीडर हातात घेऊन उलटासुलटा केला.

"पाटीच आहे की गं ही."

तेव्हापासून त्याचं नाव पाटी.

सोमवारी सकाळी नऊला पाटीची स्थापना झाली. मी आधीच बजावून ठेवलं होतं की हळदकुंकू पडद्यावर वाहायचं नाही. आवटीकाकूंना ते पटेना. काकू समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या आणि सगळ्या बिल्डिंगचे नेमधर्म त्यांच्या जिभेवर असायचे. "पोथीला हळदकुंकू नाही म्हणजे काय? नुसत्या पाटीसमोर बसायचं व्हय?" शेवटी तडजोड झाली, पाठीवर वाहायचं. माझ्या ई-रीडरच्या पाठीवरचा तो पिवळा डाग अजून गेलेला नाही.

मग काकूंनी नियम ऐकवले. स्थापना झाल्यावर पोथी सात दिवस जागेवरून हलवायची नाही. वाचणाऱ्याखेरीज कुणी तिला हात लावायचा नाही. वाचणाऱ्याने पाटावर बसलं की पोथीखेरीज अवाक्षर बोलायचं नाही. आणि त्याला कुणी हाक मारायची नाही.

"आणि अर्ध्यात काही मोडलं तर?" मी विचारलं.

"तर पंचवीस वर्षं गेली पाण्यात," काकू म्हणाल्या आणि निरंजनकडे असं काही बघितलं की त्याने हातातली पाचवी इडली खाली ठेवली.

पहिल्या दिवशी सगळं झकास झालं. आईंचा खणखणीत आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी वहिनींकडे बघत नव्हते, म्हणजे मुद्दाम बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी आवाज जरा अडखळला. मधेच थांबायचा, "हुं? हुं?" असं ऐकू यायचं, परत सुरू व्हायचा. मग एकदम बंदच झाला. साडेदहाला संपणारं वाचन साडेअकराला संपलं.

"घसा धरलाय," आई जेवताना म्हणाल्या. "उद्यापासून मनातल्या मनात वाचते. चालतं तसं."

तिसऱ्या दिवशी त्या नऊला बसल्या आणि एक वाजता उठल्या. चार तास. मी दारातून डोकावून बघितलं तर अंगावर लाल शाल, पाठ ताठ, डोळे पाटीला खिळलेले, आणि चेहऱ्यावर असं तेज की मला भरून आलं. माझ्या ई-रीडरने या बाईची भक्ती वाढवली होती. मी वहिनींना खूण करून बोलावलं आणि दाखवलं. वहिनी दोन मिनिटं बघत राहिल्या, मग कुजबुजल्या, "अगं, पापणीसुद्धा लवत नाहीये त्यांची."

त्या दुपारी मला करमेना. ई-रीडर देवघरात अडकलेला. माझी कादंबरी निम्मीसुद्धा झाली नव्हती. शेवटी मी नाइलाजाने, दार लोटून, माझ्या फोनवर पुस्तक उघडलं. उभ्याने जेवायची वेळ माझ्यावरही आली होती.

कादंबरीचं नाव होतं ‘पेवातलं प्रेत’. फार थोर साहित्य नव्हतं. सांगलीकडे पूर्वी हळद जमिनीखालच्या खोल कोठारांत साठवत, त्याला पेव म्हणतात. अशाच एका पेवात हळदीचे व्यापारी भाऊसाहेब मरून पडलेले सापडतात आणि संशय त्यांचा पुतण्या, त्यांचा दिवाणजी आणि त्यांचा वकील यांच्यावर येतो. मी जेमतेम बारा टक्के वाचलं होतं. भाऊसाहेबांचं प्रेत नुकतंच वर काढलं होतं.

फोनच्या पडद्यावर एक चौकट आली. ‘दुसऱ्या उपकरणावर तुम्ही ४३ टक्क्यांपर्यंत वाचलं आहे. तिथे जायचं का?’

मी म्हटलं, काहीतरी चुकतंय. दुसरं उपकरण देवघरात होतं, लाल वस्त्रावर, फुलांमध्ये. त्याच्यावर पोथी चालली होती. मी पोथीचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, ‘१९ टक्के. शेवटचं वाचन, काल.’

मी दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

मग डोक्यात एकेक दिवा लागत गेला. आईंना ओळीखाली बोट धरून वाचायची सवय. कागदावर बोट फिरवलं तर काही बिघडत नाही, पण पाटीवर बोट फिरवलं की पान पळतं. दुसऱ्या दिवशीचं ते "हुं? हुं?" म्हणजे पळालेली पानं होती. पळता पळता पोथी मिटली असणार आणि माझी कादंबरी उघडली असणार. पण दुसऱ्या दिवशी चुकून उघडली असं धरलं, तरी तिसऱ्या दिवशी चार तास?

माझ्या सासूबाई, कुलदैवतापुढे, पाटावर, मौन धरून, खुनाची कादंबरी वाचत होत्या. आणि ती मी पुरवली होती. पंचविसाव्या वर्षी खंड पडला होता, तो माझ्यामुळे.

संध्याकाळी निरंजन घरी आला आणि दारातच शिंकला.

"काय होतंय?" मी किंचाळले.

"शिंक आली."

मी त्याला थर्मामीटर लावलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दहा मिनिटांनी परत लावलं. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा तो म्हणाला, "केतकी, मला भूक लागलीय, ताप नाही आलेला." त्या रात्री त्याने पाचच पोळ्या खाल्ल्या. मी मोजल्या. पाच!

चौथ्या दिवशी जेवताना आईंनी सहज विचारलं, "उज्ज्वला, विष घेतलेल्या माणसाचे ओठ काळे पडतात की निळे गं?"

वहिनींच्या हातातला डाव आमटीतच राहिला. "पोथीत आहे असं?"

"आहे की. मधल्या अध्यायात आहे," आई म्हणाल्या आणि शांतपणे भात कालवत राहिल्या.

मी ताटातून मान वर केली नाही. सांगावं तर कुणाला? निरंजनला सांगितलं तर तो भीतीने खरोखर आजारी पडला असता. वहिनींना सांगितलं तर पाटी हरली, फोन जिंकला. आवटीकाकूंना कळलं तर संध्याकाळपर्यंत मिरजेला कळलं असतं. आणि आईंना सांगायचं म्हणजे कोणत्या तोंडाने?

पाचव्या दिवशी मला वाटलं उपाय सापडला. कादंबरी माझ्या खात्यातली होती; मी फोनवरून ती काढून टाकली तर पाटीवरूनही जाईल, आईंसमोर पुन्हा पोथी येईल, उरलेले अध्याय तीन दिवसांत कसेबसे होतीलही. सकाळी साडेनऊला मी फोन घेऊन बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. अंगठा ‘काढून टाका’वर नेला. म्हटलं, शेवटचं एकदा बघू तरी, कुठवर आल्यात.

६२ टक्के. आणि त्या पानावर एका वाक्याखाली रेघ होती. ‘दिवाणजी म्हणाला, चला, उतरू या लगेच.’

रेघ मी मारली नव्हती. आई जिथे विचार करत थांबल्या होत्या तिथे बोट टेकून राहिलं असणार आणि रेघ उमटली असणार. मी मागची पानं चाळली. आणखी रेघा. वकिलाच्या पानाच्या डब्याखाली एक. पुतण्याच्या चपलांखाली एकही नाही. बाई तपास करत होती! त्यांना पुतण्याचा संशयच नव्हता, आणि माझ्या मते तर सरळसरळ पुतण्यानेच मारलं होतं. मी तिथेच, बादलीच्या काठावर बसून, बारापासून बासष्ट टक्क्यांपर्यंतचं वाचायला सुरुवात केली.

कबूल करते. त्या दिवशी मी कादंबरी काढून टाकली असती तर पारायण वाचलं असतं. पण मग कुणी मारलं ते मलाही कळलं नसतं.

फोनवर वाचणं काय असतं ते मला त्या तीन दिवसांत कळलं. ओळी आखूड, पान चिमूटभर, दर दोन मिनिटांनी कुणीतरी जाहिरात पाठवणार. पण कढी ढवळता ढवळता वाचता येतं, भाजीच्या टोपलीत लपवता येतं, वहिनी आल्या की रेसिपी बघतेय असं म्हणता येतं. माझा अंगठा मात्र तेवढा सरावलेला नव्हता. कढी उतू जाते म्हणून मी घाईने फोन दाबून धरला आणि ‘पुतण्याच्या चपलांना ओली हळद लागली होती’ या वाक्याखाली ठसठशीत रेघ उमटली. पुसायची कशी ते मला कळेना.

दुपारी आई पाटावरून उठल्या आणि म्हणाल्या, "आज वाचताना नवल झालं. माझं बोट नसताना एका ओळीखाली आपोआप रेघ उमटली."

आवटीकाकू तीर्थ घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या हातातून पंचपात्र निसटता निसटता राहिलं. "आपोआप?"

"डोळ्यांदेखत."

काकूंनी तिथल्या तिथे पाटीला साष्टांग नमस्कार घातला. मी कढीचं पातेलं धरून स्वयंपाकघरात उभी होते. माझ्या अंगठ्याचा साक्षात्कार झाला होता.

पुढे जे व्हायचं तेच झालं. सहाव्या दिवशी ए विंगमधल्या बायका नमस्काराला आल्या. सातव्या दिवशी, उद्यापनाला, आमच्या दिवाणखान्यात अठ्ठावीस बायका होत्या आणि जिन्यात चपलांचा ढीग. पाटीपुढे नारळ, पेढे, खणांची चवड. निरंजन नवं धोतर नेसून, घाबरून एका कोपऱ्यात बसला होता, कारण गेले चार दिवस मी त्याच्याकडे बघून सारखी डोळे पुसत होते.

आई नऊला बसल्या. मी दारात उभी, फोन ओच्यात लपवलेला. ९१ टक्के. ९३. दिवाणखान्यात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. ९६. आणि आईंनी मान वर केली.

त्यांनी पाटीवर टिचकी मारली. परत मारली. मग बोट आडवं केलं, उभं केलं, पाटी उचलून हलवली. "हुं!" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "हुं हुं!"

मी पुढे वाकले. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र. महिनाभर बघायला नको असं मी सगळ्या घराला सांगितलं होतं खरं, पण स्थापनेच्या आधी चार्ज करायचं मीच विसरले होते, आणि एकदा स्थापना झाल्यावर तिला हात लावायची सोय नव्हती.

"अरे देवा," आवटीकाकू म्हणाल्या. "शेवटच्या अध्यायाला!" बायकांत कुजबुज सुरू झाली. निरंजन पांढराफटक पडला.

आणि उज्ज्वलावहिनी उठल्या. आठवडाभर त्या या क्षणाची वाट बघत असाव्यात. "काही काळजी करू नका. माझ्या फोनवर पोथी आहेच की!" त्यांनी फोन आणून आईंसमोर धरला, पोथी उघडून, एकविसावा अध्याय काढून, मोठ्या अक्षरांत.

आईंनी त्या पोथीकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी लहानपणी कारल्याच्या भाजीकडे बघायचे. वहिनींचा फोन त्यांनी हळूच बाजूला सारला. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या ओच्याकडे बघितलं, आणि हात पुढे केला.

त्यांना माहीत होतं. मी वाचतेय हे त्यांना माहीत होतं. मी ओच्यातून फोन काढला, ९६ टक्क्यांवर उघडला आणि मेलेल्या पाटीवर टेकवून ठेवला. वहिनी बघतच राहिल्या. एवढ्यात आवटीकाकू पुढे सरसावल्या.

"इंदूताई, शेवटचा अध्याय मोठ्याने वाचा की. एवढ्या बायका आल्यात, सगळ्यांच्या कानावर पडू दे."

"हो, हो, मोठ्याने," अठ्ठावीस बायका म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले. पडद्यावर पहिलं वाक्य होतं, ‘"दरवाजे बंद करा," डिटेक्टिव्ह बुधगावकर म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे."’

आणि माझ्या कानावर आलं, "एकविसावे अध्यायीं जाण। नाथ करिती समाधान। शिष्य मिळाले संपूर्ण। मठद्वारीं तेधवां॥"

मी डोळे उघडले. आईंचा आवाज पहिल्या दिवसासारखा खणखणीत होता. तोंड ओवीमागून ओवी सांडत होतं आणि डोळे फोनवर सरसर खाली उतरत होते. अंगठा पान उलटत होता. नाथ शिष्यांना उपदेश करत होते तेव्हा आईंच्या भुवया उंचावल्या. नाथांनी समाधीची जागा दाखवली तेव्हा त्यांनी रागाने नाक फेंदारलं. नाथ समाधिस्थ होत होते, बायका पदराने डोळे टिपत होत्या, आणि आई फोनकडे बघून अशा काही चिडल्या होत्या की आवाज चढत चढत टिपेला पोचला.

"नाथ म्हणती शिष्यवरा। चित्तीं ठेवी भाव बरा। वकील कसला खुनी गाढवा। नमस्कार नाथांसी॥"

मी बायकांकडे बघितलं.

"वा!" आवटीकाकू डोळे मिटून म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

अध्याय संपला. आरती झाली. प्रसाद वाटताना बायका म्हणत होत्या, की असा शेवटचा अध्याय आजवर कधी ऐकला नव्हता. ते खरंच होतं.

सगळं आटोपल्यावर मी आणि आई स्वयंपाकघरात उरलो. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडायलाच लागले. "आई, माझ्यामुळे खंड पडला. पंचवीस वर्षांचा शब्द. निरंजनला काही झालं तर..."

"कुठला खंड?"

"तुम्ही पोथी एकोणीस टक्क्यांवरच सोडलीत ना!"

"पाटीवर सोडली," आई म्हणाल्या. "रोज पहाटे तुम्ही झोपलेल्या असताना झाडांना पाणी घालता घालता तीन अध्याय म्हणून टाकत होते. आजही म्हटले. वर हा एक जास्तीचा झाला. अगं, पंधरा वर्षं झाली मला पोथी पाठ होऊन."

मी पदराने नाक पुसलं. "मग एवढा पाटीचा आणि फोनचा घोळ कशाला घातलात? नुसतं पाठ म्हटलं असतंत तर?"

ओट्यावरच्या पेढ्यांच्या डब्याचं झाकण आईंनी लावलं, काढलं, परत लावलं.

"झाडांना पाणी घालताना म्हटलं तर कोण गप्प बसू देतं? आई टॉवेल कुठाय, आई दूध आलं का, आई किल्ली कुठे ठेवली. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून चालू आहे. पाटावर बसलं की कुणी हाक मारत नाही. वर्षातले सात दिवस, केतकी. पोथी पाठ झाल्यावरही मी पान उलटत बसायची, नुसती. तेवढीच माझी सुट्टी. यंदा त्या सुट्टीत तुझं पुस्तक हाताला लागलं." मग त्यांनी एकदम आवाज चढवला. "आणि काय मेला शेवट केलाय त्याने! वकिलाने विड्यातून विष दिलं म्हणे! माझे वडील हळदीचे अडते होते. पेव उघडलं की तासभर कुणी आत उतरत नाही, गुदमरून मरतो माणूस. सांगलीत कुणालाही विचार. लगेच उतरू या म्हणणारा दिवाणजी, तोच खुनी. विषबिष काही नकोच!"

"मला तर पुतण्या वाटला होता."

"माहितीये की. रेघ मारलीस ना. देवाने मारली असती तर पुतण्याखाली मारली नसती."

मी हसायला लागले, त्याही हसल्या. आणि हसता हसता थांबल्या.

"पंचवीस झाली," त्या म्हणाल्या. "शब्द पुरा झाला. आता पुढच्या वर्षी काय निमित्त सांगून बसू?"

त्यांचा आवाज बारीक झाला होता. तुम्हाला सुट्टी हवी का, असं त्यांना चोवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नसतं. मला फार वाईट वाटलं. दिवाणखान्यात सगळे पेढे खात बसले होते. आणि तेवढ्यात, देव पाठीराखा असला की असं होतं, निरंजन शिंकला. लागोपाठ दोनदा.

मी पळत बाहेर गेले. त्याच्या कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "आई! अंग कोमट लागतंय!"

"अगं, धोतरावर पंख्याचा वारा लागला..." निरंजन म्हणत होता.

"बघा," मी आवटीकाकूंकडे वळून म्हणाले, "पारायण संपल्या संपल्या!"

काकूंनी छातीवर हात ठेवला. "इंदूताई, थांबू नका बाई. आणखी पंचवीस बोला!"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तुम्ही म्हणताच आहात तर," त्या म्हणाल्या. "पण या खेपेला सात दिवसांत नाही व्हायचं. चांगले अकरा दिवस लागतील."

याला अकरा वर्षं झाली. आईंचे मोतीबिंदू निघाले, छापील पोथीची अक्षरं त्यांना आता स्पष्ट दिसतात, तरी बसताना त्या पाटीच घेऊन बसतात. पाटी चार्ज करायचं मी विसरत नाही. तिसऱ्या वर्षापासून उज्ज्वलावहिनीही शेजारी पाट मांडून बसतात, फोन घेऊन, निरोप बंद करून. त्यांना प्रेमकथा आवडतात. मी स्वयंपाकघरात माझ्या फोनवर असते आणि अकरा दिवस या घरात टॉवेल कुठाय ते ज्याचं त्याने शोधायचं असतं. निरंजन ठणठणीत आहे.

परवा दुसऱ्या दिवसाचं वाचन चालू होतं. मी फोडणी करत होते. फोनवर, आईंच्या चालू कादंबरीत, बहात्तराव्या पानावर रेघ उमटली. मी बघितलं. खुनाशी काही संबंध नसलेलं, अगदी फालतू वाक्य होतं. ‘इन्स्पेक्टरला चहाची तलफ आली.’

मी आधण ठेवलं. तेवढ्यात त्याच पानावर, जरा खाली, दुसरी रेघ उमटली. ‘आलं घातलेलं होतं.’